सूक्ष्मजीवजन्य वीज (नाशिक)

सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करणाऱ्या सूक्ष्मजीवांपासून वीज मिळविण्याचे मार्ग दोन. सूक्ष्मजैविक इंधनघटात जंतूंनी ऑक्सिजनविरहित कप्प्यात मुक्त केलेले इलेक्ट्रॉन बाह्य मंडलातून वाहून थेट विद्युत्प्रवाह निर्माण होतो. जैववायूच्या मार्गात मिथेनजनक सूक्ष्मजीवांनी तयार केलेला वायू एंजिनात जाळून जनित्र फिरविले जाते. नाशिक महानगरपालिकेने दुसरा मार्ग स्वीकारला.

पूर्वपीठिका : डरहॅम विद्यापीठातील एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्ये यीस्ट व जीवाणूंच्या संवर्धनांतून वीज मिळते, हे प्रयोगाने दाखविले. परंतु अशा इंधनघटात एका घटाचा विद्युत्‌दाब १ व्होल्टच्याही आत राहतो व कप्पे विभागणारे कृत्रिम पटल महाग पडते. खरगपूरच्या आयआयटीतील मकरंद घांग्रेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पटलाऐवजी मातीचे मडके योजून भातगिरणीच्या सांडपाण्यावर प्रयोग केले, हे कार्य भारतीय परिस्थितीत विशेष मोलाचे होय.

नाशिकचा प्रकल्प : जर्मन शासनाचे अर्थसाहाय्य व जीआयझेड या संस्थेचे मार्गदर्शन यांच्या बळावर, पाथर्डी-विल्होळी परिसरातील खतप्रकल्पाच्या आवारात उभारलेले हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले. हॉटेलांतील ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र कुजविणे हे त्याचे वैशिष्ट्य असून, प्रतिदिनी सुमारे ३० टन माल घेऊन सुमारे ३,३०० युनिट वीज देण्याची त्याची योजित क्षमता आहे. या संयोगामागील तत्त्व महत्त्वाचे : केवळ अन्नकचरा घातल्यास तो त्वरेने आंबून आम्लता वाढते आणि मिथेनजनक सूक्ष्मजीवांचे कार्य मंदावते, तर शौचालयाच्या टाकीत दीर्घकाळ साचून अर्धवट कुजलेला मैला एकटाच घातल्यास वायू अल्प निघतो; उभयतांच्या मिश्रणात मैल्यातील अल्कधर्मी द्रव्ये ती आम्लता आवरतात व अन्नकचरा वायूला पुरेसा कार्बन पुरवितो. यास्तव काच, प्लॅस्टिक व साबणाचे पाणी वगळून निवडलेला कचरा नित्यनेमाने पोहोचविणे, ही घंटागाडीच्या व्यवस्थेवरील जबाबदारी पाचनपात्राच्या (कचरा कुजविण्याच्या बंद टाकीच्या) रचनेइतकीच निर्णायक ठरते.

व्यवस्था : केंद्राचे काम खासगी भागीदारीतून योजिले आहे.

अशा केंद्राचे मोल केवळ युनिटांच्या हिशेबाने ठरविणे सयुक्तिक नाही; नदीनाल्यांत जाऊ शकणाऱ्या मैल्याची रीतसर विल्हेवाट हेच त्याचे प्रथम प्रयोजन मानावयास हवे. पाचनानंतर उरणारा गाळ खतासाठी उपयोगी पडतो.