काचेवरचे जाळे

काचेला बुरशी लागते असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्यास ते प्रथम खरे वाटत नाही. बुरशी भाकरीस लागते, लोणच्यास लागते, पावसाळ्यात चामड्याच्या वहाणेस आणि पोथीच्या पुठ्ठ्यासही लागते. कारण या सर्व वस्तूंत तिला खाण्याजोगे काही असते. काच म्हणजे भट्टीत वितळलेली वाळू. तिच्यात कोणास काय खावयास मिळणार? वकिली करणाऱ्या माणसास हेतूवाचून गुन्हा सहसा पटत नाही. आणि हा गुन्हा आमच्याच कपाटात घडेपर्यंत आम्हांसही तो पटला नव्हता.

आमचे वडील गावच्या देवळातील पालखीची, जत्रेची आणि दीपमाळेची छायाचित्रे हौसेने काढीत. ते निवर्तल्यावर आम्ही त्यांचा कॅमेरा त्याच्या चामड्याच्या पेटीत घातला, शेजारी निगेटिव्हांची पाकिटे ठेवली, चार डांबरगोळ्या टाकल्या आणि कपाटास कुलूप लावले. वडिलांची आठवण आहे, तिला कोणी हात लावू नये, एवढीच भावना. पुढे देवळाचा जुना लाकडी सभामंडप उतरवून त्या जागी नवा बांधण्यात आला. जुन्या मंडपाचे रूप पुढल्या पिढीस दाखवावे म्हणून काही पावसाळ्यांनंतर आम्ही कुलूप उघडले, तेव्हा भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले होते आणि निगेटिव्हांवर कोरीव खांबांच्या जागी डाग होते. मंडप पूर्वीच गेला होता. त्या दिवशी त्याची साक्षही गेली.

साक्षीदार कोणी मारला, याचा शोध मग आम्ही घेतला. निगेटिव्हचे कारण लवकर उमगले. तिच्यावरील थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या पदार्थाचा असतो. बुरशीस ती मेजवानीच. काचेची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. बुरशी काच खात नाही. बोटांचा तेलकटपणा, धूळ, भिंगाच्या कड्यांतील वंगण, पेटीच्या चामड्याचे आणि अस्तराचे कण यांवर ती जगते. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते येऊ नयेत असा बंदोबस्त कोणासही करता येत नाही. हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की ते रुजतात, आणि आपल्या किनाऱ्यावर आषाढ-श्रावणात ती कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्याही वर असते. रुजलेल्या तंतूंतून आम्ले स्रवतात. ती प्रथम भिंगावरील लेप आणि नंतर खुद्द काच कोरतात. तंतू पुसता येतात. कोरलेली रेघ पुसता येत नाही.

हे दुखणे कॅमेऱ्याइतकेच जुने असले पाहिजे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाची कृती जगास कळली. १८४० मध्ये पेट्झवाल या गणितज्ञाने व्यक्तिचित्रांसाठी जे प्रसिद्ध भिंग योजिले, त्याच्या पुढील दोन काचा एकमेकींस चिकटविलेल्या होत्या. असे काम तेव्हा कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या राळेने करीत. काचेच्या पोटात वनस्पतीचा रस आला, कड्यांत वंगण आले, बाहेर चामड्याची पेटी आली. बुरशीचे ताट अशा रीतीने वाढून तयार झाले. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. मूळचे गोव्याच्या पेडणे भागातील डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेतील एक नामांकित छायाचित्रकार होते. किनाऱ्याच्या दमट हवेत काम करणाऱ्या या मंडळींच्या उलट, लाला दीनदयाळ यांचा उदय इंदुरास झाला आणि कीर्ती हैदराबादेस पसरली. माळव्यात काय किंवा दख्खनेत काय, पाऊस सरला की हवा कोरडी होते. आमचे इंदूरचे आणि हैदराबादचे वाचक हा लेख वाचून आश्चर्य करतील, आणि पणजीचे वा फोंड्याचे वाचक मान डोलावतील, त्याचे कारण हेच.

तथापि, उष्ण प्रदेशातील माणसांचे हे गाऱ्हाणे शास्त्राच्या न्यायासनासमोर नेटाने उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४२ साली ऑस्ट्रेलियाचे सैन्य न्यू गिनीच्या रानांत, कोकोडाच्या वाटेवर आणि मिल्न बेच्या चिखलात, जपानी सैन्याशी लढत होते. तेथील पाऊस आणि उष्मा यांपुढे दुर्बिणी आणि तोफांचे नेम धरण्याची उपकरणे टिकेनात. काही आठवड्यांतच भिंगांवर बुरशी पसरून ती निकामी होऊ लागली. ज्यास शत्रू दिसत नाही, त्याच्या तोफेचा उपयोग काय? ऑस्ट्रेलियाचा नाइलाज दुहेरी होता. भिंगासाठी लागणारी काच युद्धापूर्वी त्या देशात होतच नव्हती. १९४० साली भौतिकशास्त्रज्ञ लॅबी यांच्या अध्यक्षतेखाली ऑप्टिकल म्युनिशन्स पॅनेल नेमण्यात आले, आणि पुढल्याच वर्षी मेलबर्नचे रसायनशास्त्रज्ञ हार्टुंग यांनी ती काच देशात तयार करून दाखविली. एवढ्या कष्टाने केलेले भिंग रानात बुरशीने खावे, हे सोसण्याजोगे नव्हते.

हा प्रश्न मेलबर्न विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक टर्नर आणि त्यांच्या सहकारी, कवकशास्त्रज्ञ एथेल मॅक्लेनन यांच्याकडे आला. काचेच्या दुखण्यास वनस्पतिशास्त्रज्ञ बोलावावा लागला, यातच खटल्याचा अर्धा निकाल आहे. दोष काचेचा नव्हता. तिच्यावर वाढणाऱ्या जिवाचा होता. त्या जिवास मारण्यासाठी मर्थिओलेट हे पाऱ्याचे संयुग निवडण्यात आले, आणि उपकरणांच्या आतील लुकणात व रोगणात ते मिसळण्यात आले. अमेरिकेतही याच काळात निरनिराळी औषधे तपासली गेली. रेडियमचा अल्प अंश असलेले पातळ पत्रे दुर्बिणींत बसवूनही पाहिले.

हे उपाय युद्धाचे होते. सैनिकास दुर्बीण कोरड्या कपाटात ठेवण्याची सोय नसते, म्हणून त्याच्यासाठी विष शोधावे लागले. घरातील कॅमेऱ्यात पारा किंवा रेडियम घालण्याचे कोणीही शहाणा माणूस मनात आणणार नाही. शांततेच्या काळात त्या विषाचे काम कोरडेपणा करतो. बीजाणू मरत नाहीत, पण उपाशी राहतात. आणि उपाशी राहिलेला शत्रू घर पोखरीत नाही.

म्हणून आज जाणकार सांगतात की भिंगे चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेत ठेवावीत. त्यासाठी विजेवर चालणारी कोरडी कपाटे मिळतात. ज्यांस ती परवडत नाहीत त्यांनी घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखविणारे लहानसे घड्याळ एवढे आणावे. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकणाऱ्या गृहिणीस सिलिका जेलचे तत्त्व वेगळे समजावून द्यावे लागत नाही. या दाण्यांत रंग बदलणारा प्रकार मिळतो. ओल पिऊन रंग पालटला की त्या प्रकारास मानवेल इतक्या मंद आचेवर दाणे वाळवून पुन्हा वापरता येतात. पुड्या न घालता डबा बंद करणे मात्र घातक आहे. ते चोरास खजिन्यासह कोंडण्यासारखे आहे. डांबरगोळ्या किडीस दूर ठेवतात. बुरशीच्या कामी त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही, आणि त्यांची वाफ काचेवर बसते ती निराळीच. चामड्याची पेटी प्रवासापुरती ठीक, वस्तीस नव्हे. भिंगाच्या बाहेरील बाजूस नुकताच लागलेला बुरा जाणत्या हाताने पुसता येतो. तो आतील काचांत शिरला असेल, तर कारागिराकडे धाव घ्यावी आणि तोवर ते भिंग इतर भिंगांपासून दूर ठेवावे.

परंतु या सर्वांहून एक उपाय जुना आहे, आणि त्याला पैसा पडत नाही. वस्तू वापरावी. हाताळलेल्या भिंगास हवा लागते, उजेड मिळतो, आणि डाग पडला तर तो पहिल्याच दिवशी दिसतो. आपल्या पूर्वजांनी हे काचेविषयी सांगितले नव्हते, पण लोखंडाविषयी आणि पोथ्यांविषयी आचारून दाखविले होते. खंडेनवमी नेमकी पावसाच्या शेवटी येते. त्या दिवशी शस्त्रे व अवजारे बाहेर काढून घासूनपुसून मांडावीत, आणि नवरात्रातच सरस्वतीपूजनास पोथ्या उघडाव्यात, ही रीत. चार महिन्यांच्या ओलीत कोणत्या वस्तूस काय झाले, याची ती वार्षिक तपासणीच म्हणावयास हरकत नाही. देवळातही समई, घंटा, तबके अशी रोजच्या पूजेत असलेली भांडी लखलखीत असतात. कोठीत ठेवून विसरलेल्या तबकावर मात्र कळा चढते.

आमची चूक अशी की आम्ही आदर म्हणून कुलूप लावले. कुलुपाने चोर थांबला, पाऊस थांबला नाही. आपल्या देवस्थानांतील आणि घरांतील जुनी छायाचित्रे, निगेटिव्हा आणि ती टिपणारे कॅमेरे अशाच आदराने कोंडलेले असतील, तर वाचकांनी येत्या खंडेनवमीची वाटही पाहू नये. आजच एकदा कपाट उघडावे, आणि निगेटिव्हांच्या प्रती करून घ्याव्यात. पुढे दर खंडेनवमीस अवजारांच्या रांगेत कॅमेराही मांडावा. त्यावर फूल खुशाल वाहावे. हळदकुंकवाचे बोट मात्र भिंगास लावू नये.