सहसंबंध-विश्लेषण (समाजशास्त्र)

दोन सामाजिक चल एकमेकांच्या साथीने बदलतात का, किती आणि कोणत्या दिशेने, हे आकड्यांत मांडण्याची पद्धत. संख्यात्मक चलांसाठी पीअरसनचा गुणांक (−1 ते +1), क्रमवारीसाठी स्पिअरमनचा (1904), तर जात, व्यवसाय अशा गटवार चलांसाठी काय-स्क्वेअर कसोटी (1900) वापरतात. सूत्रे चार दिवसांत हाताखालून जातात. चल नेमके काय मोजतो हे कळायला वेळ लागतो, आणि शिकवताना भर तिथेच हवा. रायगडची किनारपट्टी त्यासाठी उत्तम पाठ आहे.

2011 च्या जनगणनेत रायगड जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 959 स्त्रिया होत्या, शेजारच्या रत्नागिरीत 1,122. जिल्ह्याच्या आतही हाच उतार दिसतो: पनवेलला पुरुष अधिक, श्रीवर्धन-म्हसळ्याला स्त्रिया. यावरून स्त्रियांचे स्थान ठरवणे चूक. दक्षिणेकडचे पुरुष मुंबईला किंवा आखातात गेलेले असतात; पनवेलला कारखान्यांनी आणि सिडकोच्या वसाहतींनी बाहेरचे पुरुष आणले. तेव्हा तालुकावार साक्षरता आणि हे गुणोत्तर यांत उणे सहसंबंध आला, तरी शिकल्याने स्त्रिया घटतात असे ठरत नाही. आधी रोजगारासाठीचे स्थलांतर हा तिसरा चल तपासावा लागतो. मुलींबाबतचा पक्षपात शोधायचा तर 0 ते 6 वयोगटाचे गुणोत्तर घ्यावे.

मोजणीची वेळही पाहावी. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. गणपतीत त्याच वाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात. सर्वेक्षणात ‘घरात माणसं किती?’ विचारले की आई मुंबईच्या मुलालाही धरते. ‘गेले सहा महिने या चुलीवर कोण जेवतंय?’ असे विचारले की आकडा बदलतो, आणि त्याबरोबर गुणांकही.

जिल्ह्यात तालुके 15. एवढ्या थोड्या नोंदींवर गुणांक सुमारे 0.51 च्या खाली असेल, तर 5 टक्के पातळीवर तो ग्राह्य धरत नाहीत. त्यात जिल्ह्याची चतुर्थांशाहून अधिक लोकवस्ती असलेला पनवेल हा एकच बिंदू सगळी रेषा आपल्याकडे ओढू शकतो. म्हणून आधी आलेख काढावा.

तालुक्याचा सहसंबंध कुटुंबाला लावता येत नाही. अमेरिकेतील साक्षरतेच्या आकड्यांवरून रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये दाखवले की राज्यवार आणि व्यक्तिवार गुणांकांची चिन्हेही उलट येऊ शकतात. महाराष्ट्रात इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी 1951 च्या मानवमितीय अभ्यासात व्यक्तींचीच मोजमापे घेतली होती. किनाऱ्यावरील कुटुंबांविषयी बोलायचे तर घरोघरची नोंदच लागते.