अडखळत आलेली कृति

प्रारंभीं सदोष निघालेली कृति कायमची हीन मानावी काय? १० डिसेंबर २०२० रोजीं पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम विक्रीस आला, आणि जुन्या प्लेस्टेशन ४ यंत्रांवर तो वारंवार बंद पडूं लागला. आठ दिवसांत सोनीनें तो आपल्या ऑनलाइन दुकानांतून काढला. जून २०२१ मध्यें तो परतला. परंतु उत्तुंग इमारतींखालीं दैन्य दडविणारें तें नगर, परक्याची स्मृति मस्तकांत वागवीत मरणाकडे चाललेलें तें पात्र, ही कल्पना पहिल्या दिवशींही तितकीच समर्थ होती. सप्टेंबर २०२३ मधील २.० या सुधारणेनें खेळाची बरीच रचना पालटली. कल्पना तीच राहिली. म्हणून कृतीस हीन लेखणें आम्हांस मान्य नाहीं.

विक्रेत्याचा अपराध निराळा. परीक्षकांस आधीं केवळ संगणकावरील प्रत मिळाली. जुन्या यंत्रांवरील दुर्दशा झांकलेलीच राहिली. संस्थेनें पुढें क्षमा मागितली, पैसेहि परत देऊं केले. तथापि ती २.० सुधारणा जुन्या यंत्रांसाठीं कधींच निघाली नाहीं. तेंच यंत्र बाळगून वाट पाहणाऱ्या ग्राहकापुढें आमचा युक्तिवाद थोडा लटपटतो, हें आम्ही कबूल करतों.