स्मारक नाण्यावरील युद्धविमान : गौरव आणि विस्मृती

स्मारक नाणे हे राज्यसंस्थेच्या निवडक स्मृतीचे साधन होय. रॉयल एअर फोर्सच्या शताब्दीनिमित्त २०१८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल मिंटने दोन पौंडांची पाच नाणी काढली. त्यांपैकी एकावर दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर हे लढाऊ विमान अंकित आहे. १९४० मधील ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या हवाई संग्रामात स्पिटफायर विमानांनिशी लढलेल्या १५२ क्रमांकाच्या तुकडीस निजामाच्या देणगीमुळे ‘हैदराबाद’ हे नाव लाभले होते. तिच्या बोधचिन्हातही निजामाचे शिरोभूषण होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता आणि त्या राज्याचे वैभव रयतेच्या शेतसाऱ्यावर उभे होते. नाण्यावर विमान कोरले गेले. हा भार वाहणारी रयत मात्र अनुल्लेखित राहिली. तिची नोंद घेणे हे इतिहासलेखनाचे दायित्व ठरते.