कुणग्यातला ताग

भातकापणी उरकली की माझ्या माहेरी, वरवड्याला, घरामागच्या एका कुणग्यात, म्हणजे भाताच्या छोट्या खाचरात, ताग पडायचा. बाकीचे कुणगे कुळीथ-पावट्याचे, हा एकटा तागाचा. जमिनीतली पावसाची ओल उडून जायच्या आत, दिवाळीच्या आगेमागे, आजोबा उभी-आडवी नांगरट करून बी मुठीने फेकत. त्याला पुढे पाणी नाही, शेणखत नाही. घर खारव्यांचं, दर्यावर जगणारं. शेती होती ती पोटापुरती आणि जाळ्यापुरती.

जाळ्यापुरती शेती म्हणजे काय, हे आता आमच्या नातवंडांनाही सांगावं लागतं, आणि घरी उतरणाऱ्या पाहुण्यांनाही. माझं सासर गणपतीपुळ्याचं. डोंगरालाच देव मानून प्रदक्षिणा घालणारं हे गाव आता पर्यटकांचं झालं आहे आणि आमच्याही दोन खोल्या भाड्याने जातात. मुंबई-पुण्याची मुलं उतरतात, शिक्षण चांगलं असतं, आणि एखादा हळूच विचारतो, "काकी, कुंडीत हेंप लावला तर इथं येईल का हो?" त्याच्या डोक्यात गांजाच्या जातीचं झाड असतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पिवळ्या फुलांचा ताग उभा राहतो. इंग्रजी अमदानीतल्या कागदांत दोघांवर 'हेंप' हा एकच शिक्का आहे, पण रोपं अगदी वेगळी. ताग तुरी-हरभऱ्याच्या कुळातला. त्याच्या मुळांवर गाठी येतात आणि हवेतला नत्र तो जमिनीत आणून ठेवतो. जाळं विणून आमच्या घराला जगवलं ते त्याने. म्हणून इतिहास सांगायचा तर त्याचाच सांगते.

ताग वाढवणं तसं सोपं, पण हवा तसा वाढवणं सोपं नाही. बी दाट पडलं पाहिजे. दाटीत रोप उजेडासाठी सरळ वर जातं, फांद्या फुटत नाहीत आणि वाख, म्हणजे सालीचा धागा, लांब निघतो. विरळ पडलं की झुडूप होतं, मग तुटके धागे हाती येतात. आजोबा बांधाच्या कडेची मोजकी रोपं मुद्दाम लांब-लांब ठेवत. ती ऐसपैस पसरत, शेंगा धरत, आणि पुढच्या वर्षाचं बी तिथूनच निघे. कापणीनंतर गावातली गुरं मोकळी सुटलेली असत, तेव्हा निवडुंग आणि काट्यांचं कुंपण आधी, पेरणी मागाहून. आणखी एक शत्रू म्हणजे केसाळ अळी. लाल-काळे ठिपके असलेलं पांढरं पाखरू दिसलं की आम्हा मुलांना शेंगांवरच्या अळ्या वेचायला लावत. मी फुलं पाहत रेंगाळले की आजी ओरडायची, "अगं, फुलाला बगत काय ऱ्हायलीस? ताग काय देवाला व्हायचाय?"

फुलं ओसरून शेंगा धरू लागल्या की कापणी. कापलेल्या पेंढ्या चार दिवस शेतातच उभ्या करायच्या, पाला गळतो, तो जमिनीलाच खत. मग शिमग्याच्या आधी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, बांध घालून कोंड अडवायचा आणि पेंढ्या पाण्यात. बुडखा जाड असतो, तो उशिरा कुजतो, म्हणून आधी बुडखे तेवढे पाण्यात उभे करायचे आणि मग सबंध पेंढी आडवी, वर दगड. आठवडाभरात साल सुटते. एक दिवस जास्त राहिला तर धागा मऊ पडून तुटतो, एक दिवस कमी राहिला तर साल सुटत नाही. ही पारख आजीची होती, घरातल्या पुरुषांची नव्हती. ती रोज एक काडी मोडून, साल नखाने ओढून बघायची. त्या दिवसांत पऱ्याकाठी जो वास सुटे त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांना जुन्या दिवसांची फार ओढ आहे त्यांनी एकदा तागाच्या कोंडात गुडघाभर उभं राहून साल सोलावी.

सोललेला वाख पाण्यावर आपटून धुवायचा, बांबूवर वाळवायचा, विंचरायचा आणि चातीवर, म्हणजे हातातल्या फिरकीवर, कातायचा. रिकामा हात म्हणून घरात नसेच. बोलता बोलता, शेजारच्या भांडणात पंच म्हणून बसल्या बसल्यासुद्धा आजोबांची चाती फिरत असे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की ओटीवर जाळी विणायची. लाकडी सुई आणि आस मोजायला बांबूची पट्टी. आस म्हणजे जाळ्याचं एक घर. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाड जाळ्यांना आणि दोरांना ताग. बारीक जाळ्यांना मात्र गिरणीचं कापसाचं सूत माझ्या आठवणीच्या आधीपासून येत होतं, म्हणजे सगळंच घरचं होतं असं मानायचं कारण नाही.

विणलं की संपलं नाही. ताग खाऱ्या पाण्यात कुजतो. म्हणून आईनाची साल कुटून मोठ्या हंड्यात उकळायची आणि त्या तांबड्या काढ्यात जाळं बुडवायचं. सालीतला तुरट अंश धाग्यात मुरतो आणि कुजणं लांबतं. दर थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, आणि रोज किनाऱ्यावर वाळवणं वेगळं.

हा उद्योग एकट्या वरवड्याचा नव्हता. 1880 साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी-सावंतवाडीचा आहे आणि त्यात जिल्ह्याच्या पिकांमध्ये ताग आहे. त्याच्या कितीतरी आधी ईस्ट इंडिया कंपनीची नजर या रोपावर पडली होती. इंग्रजांचं आरमार शिडांच्या दोरांसाठी रशियाच्या मालावर अवलंबून होतं, आणि नेपोलियनच्या काळात ती वाट केव्हा बंद होईल याचा भरवसा नव्हता. कलकत्त्याच्या कंपनी बागेचे विल्यम रॉक्सबर्ग यांनी ताग आणि इतर देशी वाखांचे दोर करून, काही कोरे, काही सालीच्या रसात रंगवलेले, काही डांबर लावलेले, असे ताणून आणि पाण्यात कुजवून तपासले. आमच्या हंड्यातला काढा आणि त्यांचा प्रयोग यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक एवढाच की त्यांचं छापलं गेलं. 1855 मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल यांनी भारतातल्या वाखाच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथच काढला. त्या वेळी क्रिमियाचं युद्ध चालू होतं आणि रशियाचा माल अडला होता. पण त्या संधीचा खरा फायदा बंगालच्या ज्यूटला झाला, त्याचा धागा स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत जाऊन पोत्यांचं राज्य उभं राहिलं. कोकणचा ताग कुणग्यातच राहिला. मला तरी ते बरंच वाटतं. नाहीतर भाताच्या जमिनीवर कोणी नीळवाल्यासारखा गोरा मळेवाला येऊन बसला असता.

गांजाची गोष्ट निराळ्या वाटेने गेली. 1893 मध्ये सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, मॅकवर्थ यंग अध्यक्ष. देशभर हजाराहून अधिक साक्षी झाल्या आणि 1894 मध्ये अहवाल आला. माफक सेवनाने सहसा मोठं नुकसान होत नाही, पूर्ण बंदी नको, परवाने आणि कर असावा, असा त्याचा कल होता. आपल्या इलाख्यात गांजाची लागवड देशावर, अहमदनगर-साताऱ्याकडे. आमच्या किनाऱ्यावर तो आला तर बैराग्याच्या चिलमीतून. पुढे 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आला. त्याप्रमाणे परवान्याशिवाय हे झाड लावणं, मग ते एकाच कुंडीत का असेना, गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. उत्तराखंडने 2018 मध्ये धाग्यासाठीच्या नशारहित वाणाला परवाने द्यायला सुरुवात केली, बातमी तिथली आहे. तिच्या जोरावर पुळ्याच्या गच्चीवर कोणी बी टाकू नये. विचारणाऱ्या मुलांना मी हे स्पष्ट सांगते. एकाने तोंड वाकडं केलं, बाकीचे ताग कसा दिसतो ते विचारू लागले.

आमचा ताग मात्र कायद्याने गेला नाही, नायलॉनने गेला. 1960 नंतरच्या वर्षांत मच्छीमार सोसायट्यांतून नायलॉनचं सूत येऊ लागलं. ते कुजत नाही, आईन लागत नाही, रोज वाळवावं लागत नाही, ओलं झालं तरी फारसं जड होत नाही आणि माशाला पाण्यात सहज दिसत नाही. आजोबांनी वर्षभर नाकं मुरडली आणि मग स्वतःच पहिलं नायलॉनचं जाळं आणलं. कुणग्यात पावटा आला. आजीने तर उघड आनंद केला, तिच्या बोटांच्या पेरांना तागाने पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत. हा बदल झाला तो योग्य झाला, असंच माझं मत आहे. वाईट त्याच्या पुढचं आहे. तागाचं तुटलेलं जाळं समुद्रात गेलं तर काही महिन्यांत नाहीसं होई. नायलॉनचं तुटलेलं जाळं वर्षानुवर्षं पाण्यात तसंच राहतं आणि मालक नसतानाही मासे, कासवं धरत राहतं. मालगुंड ते पुळे किनाऱ्यावर पावसाळ्यात जे गुंते लागतात त्यांत निम्म्याहून अधिक हिरवी-निळी दोरीच दिसते.

ज्यांना घरी काही लावायचंच आहे त्यांच्यासाठी एवढं सांगते. तागाला परवाना लागत नाही, बी कृषी सेवा केंद्रात मिळतं. जूनमध्ये पहिल्या पावसावर आंब्याच्या कलमांमधल्या मोकळ्या जागेत पेरा, पाणी साचणारी जागा टाळा. बी हेक्टरी 50-60 किलो या हिशेबाने, म्हणजे गुंठ्याला अर्ध्या किलोहून थोडं जास्त. खतासाठी हवा असेल तर 45 ते 50 दिवसांत, फुलोरा यायच्या सुमारास, कापून जमिनीत गाडा. उशीर केलात तर काड्या जून होतात आणि कुजायला वेळ घेतात. बियाण्यासाठी चार रोपं कडेला ठेवलीत तर शेंगा वेळीच खुडा, कारण तागाचं बी गुरांच्या पोटात जाऊ देणं धोक्याचं आहे.