भिंतीवरची खाडी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व कांठीं बोनकोडे हें गांव शोधूं गेल्यास प्रथम वाशी व कोपरखैरणे हीं उपनगरें लागतात, मग क्रमांकांनीं ओळखले जाणारे त्यांचे विभाग लागतात, आणि आंखीव रस्ते जेथें एकाएकीं अरुंद होतात तेथें गांव लागतें. गांव जागचें हाललेलें नाहीं. त्याच्या भोंवतालचा मुलूख मात्र निघून गेला आहे. ज्या समाजाचा मुलूख असा पायांखालून जातो, त्याच्या मनांतील शल्य सार्वजनिक कलेनें कांहीं अंशीं तरी दूर होतें काय, या प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, या कांठच्या लोकांनीं गमावलें तें काय. येथील मूळ वस्ती मुख्यतः आगरी व कोळी यांची. आगर म्हणजे मिठागर. 'आगरी' हें नांव त्यावरूनच पडलें, असें सामान्यतः मानतात. भरतीचें पाणी आंत शिरूं नये म्हणून मातीचे बांध घालावयाचे, पावसाचें पाणी ओहोटीच्या वेळीं बाहेर सोडण्यास त्यांत उघाड्या ठेवावयाच्या, आणि अशा रीतीनें समुद्रापासून सोडविलेल्या जमिनींत कोठें भात तर कोठें मीठ पिकवावयाचें, ही या भागाची शेती. खाडींतून निवट्या, बोय, चिंबोऱ्या, कालवें मिळत. बांध फुटला तर एकाचें नव्हे, सर्वांचेंच शेत खारें होई. म्हणून बांध राखणें हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. एका अर्थानें या कांठचें पहिलें सार्वजनिक शिल्प म्हणजे हा बांधच होय. कारण त्यांत साऱ्या गांवाचा हात लागलेला असे.

१९६५ सालीं 'मार्ग' या नियतकालिकांत चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल व प्रविणा मेहता यांनीं खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजीं 'सिडको'ची स्थापना झाली, आणि पुढें ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांसह सुमारें ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश या शहरासाठीं आंखला गेला. मुंबईची दाटी कमी करावी हा हेतु चांगलाच होता. परंतु आराखडा काढणारास जी जमीन मोकळी दिसली, ती कसणारास कधींच मोकळी नव्हती. मोबदला एकराच्या हिशेबानें ठरला; शेताशेताला, बांधाबांधाला जीं नांवें होतीं त्यांचा हिशेब कोठेंच झाला नाहीं.

त्या असंतोषाचा स्फोट १९८४ सालीं झाला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या आंदोलनांत १६ व १७ जानेवारी रोजीं उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच शेतकरी मृत्यु पावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचें धोरण हें पुढें त्या लढ्याचें फळ ठरलें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या पांचांची स्मृति जासई व पागोटे येथें दरवर्षीं जानेवारींत लोक एकत्र जमून जागवितात. त्याच तालुक्यांत चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल-सत्याग्रहांत पडलेल्यांचेंही स्मारक आहे. कलासमीक्षकांचें लक्ष अशा स्मारकांकडे क्वचितच जातें. तथापि तेथें जमणाराला आपला मनुष्य आठवतो. तो कशासाठीं मेला हेंही आठवतें. दुःख त्यानें नाहींसें होत नाहीं. परंतु तें एकट्याचें राहत नाहीं.

आतां याच्या शेजारीं आजच्या शहराची कला ठेवून पाहूं. गेल्या कांहीं वर्षांत नवी मुंबईच्या भिंती, पुलांचे खांब व चौक रंगांनीं व शिल्पांनीं सजले आहेत. त्यांत रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, मोठाच मान मिळाला आहे. पक्षी सुंदर आहे, आणि तो खाडीचाच पाहुणा आहे. २०१५ सालीं ठाणें खाडींत त्याचें अभयारण्य जाहीर झालें, आणि २०२२ सालीं तें रामसर यादींतही गेलें. परंतु २०२४ च्या उन्हाळ्यांत नेरूळच्या डी. पी. एस. तलावांत भरतीचें पाणी येईनासें होऊन तो सुकला आणि अनेक रोहित मेले, तेव्हां चौकांतील त्याच्या प्रतिमा तशाच दिमाखानें उभ्या होत्या. ज्याची प्रतिमा उभारावयाची त्याचें पाणी राखावयाचें नाहीं, अशी कला सांत्वन करीत नाहीं. ती झांकण घालते.

याच्या उलट एक उदाहरण दूरदेशीं सांपडतें, आणि योगायोगानें तें १९७० सालचेंच आहे. अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं उपसागराच्या कांठीं मेक्सिकन वंशाच्या लोकांची एक जुनी वस्ती होती. तिचा किनारा आरमाराच्या व कारखान्यांच्या घशांत गेला, घरांवरून महामार्ग गेला, आणि १९६९ सालीं डोक्यावरून कोरोनाडोचा पूल गेला. पुलाखालीं बाग देण्याचें वचन मिळालें होतें. तेथें पोलिसांचें ठाणें बांधण्यास यंत्रें आलीं, तेव्हां २२ एप्रिल १९७० रोजीं रहिवाशांनीं ती जागा व्यापली व बाग मिळविली. पुढें १९७३ पासून, साल्वादोर तोरेस या तेथल्याच चित्रकाराच्या कल्पनेप्रमाणें, त्यांनीं पुलाच्या खांबांवर आपला इतिहास रंगविण्यास आरंभ केला. ज्या खांबांनीं वस्ती चिरली तेच खांब त्यांचे फलक झाले. २०१६ सालीं त्या स्थळास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. ध्यानांत घ्यावयाचा तो क्रम: आधीं जागेवरील हक्क, मग चित्र, आणि चित्राचा विषय व कुंचला दोन्ही वस्तीच्याच हातीं.

कोणी म्हणेल कीं, गरजेपोटीं बांधलेल्या घरांचा प्रश्न गांवोगांव वर्षानुवर्षें भिजत पडला असतां भिंतीवरच्या चित्रांची चर्चा हा रिकामपणाचा उद्योग होय. आक्षेप रास्त आहे. घराच्या कागदाची जागा चित्रानें भरून निघत नाहीं, आणि तशी ती भरण्याचा कोणी प्रयत्न केल्यास त्याला विरोधच केला पाहिजे. पण कागद मिळाला तरी बांध परत येणार नाहीं. आणि त्या हानीसाठीं कोणत्याही कचेरींत अर्ज करतां येत नाहीं. तेथें कलेचें काम सुरू होतें.

बोनकोड्यासारख्या गांवांत तें कसें व्हावें? शहराच्या कचेरीनें ठरविलेलें चित्र गांवाच्या भिंतीवर उतरवून नव्हे. बांध कोठून जात होता, उघाडी कोठें होती, कोणत्या शेताला काय म्हणत, होडी कोठें लागे, हें गांवच्या म्हाताऱ्यांनीं सांगावें, तरुणांनीं तें रेखावें, आणि नांवांसह भिंतीवर यावें. शेजारच्या इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबासही मग कळेल कीं, आपलें घर कोणाच्या भातावर उभें आहे. आणि एवढें कळल्यावांचून जुने व नवे रहिवासी खरे शेजारी होणार नाहींत. मात्र हें काम लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं. १९७० सालीं जो विशीचा तरुण बांधावर माती टाकीत होता, तो आज पंचाहत्तरी गांठून पुढें गेला आहे. रंग केव्हांही मिळतील. नांवें सांगणारा तितके दिवस थांबणार नाहीं.