गोदावरी परुळेकर

गोदावरी शामराव परुळेकर (१४ ऑगस्ट १९०७, पुणे – ८ ऑक्टोबर १९९६) या ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या साम्यवादी नेत्या व लेखिका होत्या.

शिक्षण व प्रारंभीचे कार्य

त्यांचे माहेरचे आडनाव गोखले. कायद्याची पदवी मिळविणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. शिक्षणानंतर त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. १९३८च्या सुमारास त्यांनी मुंबईत घरकामगारांचे संघटन केले. १९३९ मध्ये समाजातीलच सहकारी शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले.

वारल्यांचा उठाव

जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेची परिषद टिटवाळा येथे भरली. शहापूर व मुरबाड यांना लागून असलेल्या कल्याण तालुक्यातील हे गाव आहे. उंबरगाव भागातील मोजके वारली या परिषदेस आले होते. त्यांच्याबरोबर चळवळ उंबरगाव व डहाणू तालुक्यांत पोहोचली.

तेथे वेठबिगार व लग्नगडीची प्रथा रूढ होती. लग्नाच्या खर्चासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकार-जमीनदाराच्या घरी बिनपगारी राबत. २३ मे १९४५ रोजी झरी येथील सभेत वेठ न करण्याचा निर्धार झाला. पुढे पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागण्यात आली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. परुळेकर दांपत्यावर हद्दपारीचा हुकूम बजावण्यात आला, तरी संघटना टिकून राहिली.

सहजीवन

उभयतांच्या संसाराचा बराच काळ दौरे, हद्दपारी व तुरुंगवासात गेला. १९५७ मध्ये शामराव ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९६४ मध्ये पक्ष फुटल्यावर दोघेही मार्क्सवादी पक्षात राहिले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी बंदिवासातच शामरावांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे तीन दशके गोदावरीबाईंनी दोघांनी मिळून आरंभलेले कार्य एकटीने पुढे नेले. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

लेखन

वारल्यांच्या लढ्यावरील त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकास १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सभा, मोर्चे व दडपशाहीच्या हकिगतीबरोबरच, मालकासमोर मान वर न करणारा माणूस हक्क मागू लागतो, तो बदल त्यात टिपला आहे. 'बंदिवासाची आठ वर्षे' हे त्यांचे दुसरे पुस्तक.

स्मारक

तलासरी येथे आदिवासी प्रगती मंडळाचे महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. २०१४ मधील विभाजनानंतर तलासरी व डहाणू पालघर जिल्ह्यात गेले. शहापूर व मुरबाड ठाणे जिल्ह्यातच राहिले.